मागची भिंत

९ जानेवारी

धाकटे,

पत्र बघूनच तू घाबरशील, म्हणून आधी सांगते, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन ह्यांच्याकडे असतो आणि हे दिवसभर पाण्याच्या टँकरवर. शिवाय आमची खोली एकच. मी फोनवर हळू बोलले की सासूबाई मोठ्याने विचारतात, काय म्हणाली, आणि शेजारच्या भाजीवाल्या काकू भिंतीपलीकडून उत्तर देतात. म्हणून लिहायला बसले.

सोमवारी दुपारी दोन माणसं आली. एकाच्या हातात टेप, दुसऱ्याच्या हातात लाल रंगाचा डबा. मी दारात बसून शर्टांची काजं करत होते. टेपवाला न विचारता आत शिरला, थेट मागच्या भिंतीपाशी गेला, ती हाताने थोपटली आणि वहीत काहीतरी खरडलं. कुठून आलात म्हणून विचारलं तर म्हणाला, वरून सांगितलंय. तोवर दुसऱ्याने आमच्या दारावर सतरा आकडा काढलासुद्धा. गल्लीच्या टेकडीकडच्या अकराही दारांवर आकडे काढले आणि गेले.

तू लहान होतीस, तुला कितपत आठवतंय ठाऊक नाही. आईच्या घरावरही असाच आकडा आला होता. चौसष्ट. आई खूश झाली होती. म्हणाली, बरं झालं, आपल्याला पत्ता मिळाला. नवव्या दिवशी घरं पाडणारं मशीन आलं. भांडी तेवढी बाहेर काढता आली. मग पत्र्याच्या त्या गोदामात आईने थंडीचे दोन महिने काढले, तिसरा काही तिला निघाला नाही. दुधाने तोंड पोळलंय, मी ताकही फुंकूनच पिणार.

आणि ती मागची भिंत. टेकडीची माती अडवून उभी आहे, पण आता पोट सुटल्यासारखी पुढे आलीय आणि तिला भेग पडलीय. पोरीने शाळेत शिकून येऊन भेगेवर वहीचा कागद चिकटवला होता. चार दिवसांत तो मधोमध फाटला. सासूबाईंची खाट त्याच भिंतीला आहे. मी दिवसा शिवता शिवता दहादा मागे वळून बघते.

तू घरांच्याच ऑफिसात आहेस. ती माणसं कुणाची होती ते शोध आणि लवकर कळव. आज तिसरा दिवस आहे.

तुझी ताई


१५ जानेवारी

ताई,

तुझं पत्र वाचून मी ऑफिसात एकटीच हसले आणि मग डोळे पुसले. अगं, तो आकडा आमचा आहे. आमच्या संस्थेची माणसं होती ती.

आम्ही कुणाचं घर पाडत नाही. लोक देणग्या देतात, त्यातून अशा वस्त्यांमधली घरं आहेत तिथेच नीट करून देतो. भिंत, छप्पर, गटार, जे ज्याचं मोडलंय ते. मागच्या वर्षी तुमच्या गल्लीचं नाव मीच मोठ्या बाईंना सुचवलं होतं. यादीत येईल की नाही माहीत नव्हतं, उगाच आशा लावायची नव्हती, म्हणून बोलले नाही. मोठ्या बाई म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रमुख. त्या फार बोलत नाहीत, पण सुचवलेलं विसरत नाहीत.

देणारे कोण, असं तू विचारशीलच. त्यांना उत्तरं लिहिण्याचं कामच माझं आहे. एक निवृत्त बस कंडक्टर आहेत, ते दर महिन्याला पाठवतात आणि सोबत एकच ओळ, 'कुणाचं तरी गळकं थांबू दे.' एक दातांचे डॉक्टर आहेत, त्यांना प्रत्येक घरावर आपल्या नावाची पाटी हवी आहे. मोठ्या बाई म्हणाल्या, त्यांना कळवा, तुम्ही बसवलेल्या दातांवर तुमचं नाव घालता का? मी ते जरा गोड करून लिहिलं.

तेव्हा घाबरू नकोस. थोडा वेळ लागेल, पण काम होईल. आणि एक ऐक, सासूबाईंची खाट पुढे दाराजवळ घ्या. म्हाताऱ्या माणसाला वारा बरा. पोरीलाही तिथेच झोपव.

तुझी धाकटी


२४ जानेवारी

धाकटे,

तुझं पत्र वीस तारखेला मिळालं. तीनदा वाचलं. तुमची संस्था चांगली असेल, तू खोटं बोलणार नाहीस. पण फुकटात कुणी कुणाची भिंत बांधतं का? आज भिंत बांधतील, उद्या म्हणतील, भिंत आमची म्हणजे घरही आमचं. मग कुणाकडे जायचं? भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत व्हायची. गल्लीतल्या बायकांनाही हेच वाटतं. ह्यांना वाटत नाही. हे म्हणतात, धाकटी सांगतेय तर खरंच असणार. त्यावरून दोन दिवस आमचं बोलणं बंद आहे.

आकडे आता दारांवर नाहीत. मागच्याच आठवड्यात गेले, तुझं पत्र यायच्या आधी. कुणी पुसले कोण जाणे.

खाट हलवली नाही. दाराजवळ वारा लागला की खोकला येतो, असं सासूबाई म्हणतात. आणि खरं सांगू? मी भिंतीबद्दल एवढं लिहिलं आणि तू मला वाऱ्याबद्दल लिहिलंस. भेगेचा शब्द नाही. ऑफिसात बसलं की माणूस असं होतं का?

नुसतं विचारते, आकडा पुसला गेला तर नाव यादीतून जातं का?

तुझी ताई


८ फेब्रुवारी

ताई,

जातं. गेलं.

आमची माणसं तीस तारखेला परत आली होती. अकराही दारं घासलेली दिसली. गल्लीत कुणी त्यांच्याशी बोलायला पुढे आलं नाही, एका घराने तर आतून कडी लावली. इंजिनियर साहेबांनी फाइलवर लिहिलं, 'रहिवाशांना नको आहे.' नको म्हणणाऱ्यावर लादायचं नाही, असा आमचा नियम आहे आणि तसा तो चांगलाच आहे. कालव्याजवळच्या वस्तीतले लोक दोन वर्षं वाट बघतायत. या हंगामातलं काम तिकडे गेलं.

कुणी पुसले हे तुला खरंच माहीत नाही? मी भांडत नाहीये. विचारतेय.

एक मार्ग आहे. गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्यांचा एक कागद पाठव, की आम्हाला काम हवं आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अंगठे चालतील. तो हातात आला की मी मोठ्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवीन आणि तिथून हलणार नाही.

खाट हलवा. खोकला झाला तरी चालेल. काकूंनाही सांग, मागच्या भिंतीपाशी झोपू नका.

तुझी धाकटी


२३ फेब्रुवारी

ताई,

पंधरा दिवस झाले, तुझा कागद नाही, पत्रही नाही. भावोजींचा फोन लागत नाही. तुमच्याकडे अवकाळी पावसाचा अंदाज आहे, असं आज वाचलं.

हे मी लिहायला नको, तरी लिहितेय. इंजिनियर साहेबांच्या अहवालात तुमच्या गल्लीबद्दल एक ओळ आहे. जशीच्या तशी उतरवते. 'मागील भिंती कोणत्याही जोरदार पावसात कोसळू शकतात. विशेषतः क्रमांक सतरा व अठरा.'

पत्र मिळाल्या क्षणी सगळ्यांना घेऊन बाहेर पड. सामान राहू दे.

धाकटी


३ मार्च

धाकटे,

तुझं पत्र अठ्ठावीस तारखेला आलं. भिंत सव्वीसला पडली.

आमची नाही. अठरा नंबरची, काकूंची.

आदल्या दिवसापासून पाऊस होता. बाजार बसलाच नाही, म्हणून काकू दुपारी घरी येऊन आडव्या झाल्या होत्या. मी शिलाई मशीनवर होते. आवाज मोठा नव्हता. कुणीतरी वाळूची गाडी रिकामी करावी, तसा. मग आमच्या मधल्या भिंतीतून माती आत यायला लागली आणि पलीकडून काही म्हणजे काहीच ऐकू येईना. इतकी वर्षं ज्या भिंतीतून त्या माझ्या प्रत्येक बोलण्याला उत्तर देत होत्या, तिला कान लावून मी हाका मारत होते. पोरीला सासूबाईंचा हात धरून रस्त्यावर पाठवलं आणि घमेलं घेऊन धावले. गल्ली सगळी आली. कुणी परातीने, कुणी हाताने माती उपसली. दोन तास लागले. त्या जिवंत होत्या. डावा पाय दगडाखाली होता. डॉक्टर म्हणतात पाय वाचेल, पण पूर्वीसारखा चालणार नाही. भाजीची टोपली डोक्यावर घेऊन रोज दोन मैल चालणारी बाई आहे ती.

आम्ही सगळे आता शाळेच्या हॉलमध्ये आहोत.

आता जे लिहिते ते ह्यांनाही सांगितलेलं नाही. आकडे मी पुसले. सोळा जानेवारीला दुपारी, सगळे कामावर गेले होते तेव्हा. ओली राख आणि काथ्या घेऊन अकराही दारं घासली. कुणाला विचारलं नाही. वाटलं, आकडा नसला तर मशीन कुणाच्या दारात येणार?

काकूंना तो आकडा आवडला होता. वाचता येत नाही, म्हणून पोरीला विचारून घेतलं होतं, माझा कितवा? मग बाजारात सांगत सुटल्या, माझ्या घराला आता नंबर आहे. त्या दिवशी संध्याकाळी आल्या आणि दाराकडे बघत टोपली घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, 'गेला गं.' मी म्हटलं, 'जाऊ द्या काकू, बरंच झालं.'

तुझ्या सह्यांच्या कागदासाठी मी एकदा निघालेही होते. पहिल्याच घरी बाई म्हणाली, आकडे कुणी पुसले ते आधी कळू दे. मी परत फिरले. चोराच्या मनात चांदणं. कागद डब्यात ठेवला आणि तुला लिहिणंही टाळलं.

ताई


१६ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा वाटलं की मी तुला काय म्हणणार आहे? तू कबूल केलंस, तर माझंही ऐक.

तो अहवाल माझ्या टेबलावर चौदा जानेवारीला आला. तुला 'घाबरू नकोस' असं लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी. सतरा आणि अठरा हे आकडे मी तेव्हाच वाचले होते. इंजिनियर स्वतः जाऊन समजावेपर्यंत असलं काही रहिवाशांना कळवायचं नाही, असा नियम आहे. पूर्वी एका वस्तीत नुसत्या अफवेने लोक पळाले आणि मागे त्यांची घरं दुसऱ्यांनी बळकावली, म्हणून. पण मी नियमामुळे गप्प बसले असं म्हणणं खोटं ठरेल. मला वाटलं, तुला सांगितलं तर तू सासूबाईंना आणि पोरीला घेऊन जाणार कुठे? तुझी झोप उडेल आणि हाती काहीच लागणार नाही. म्हणून वाऱ्याचं लिहिलं. तू मला न दुखवण्यासाठी लपवलंस, मी तुला न घाबरवण्यासाठी. आणि पाय अधू झाला तिसऱ्याच बाईचा.

तुझं पत्र मी मोठ्या बाईंना वाचून दाखवलं. तुला न विचारता, त्याबद्दल रागव. इंजिनियर साहेबही होते. अहवालाचं माझंही सांगितलं; नोकरी जाणार, असं धरूनच वाचत होते. वाचून संपल्यावर साहेब म्हणाले, 'आपण पार्सलवर टाकतात तसे त्यांच्या दारांवर आकडे टाकले.' मोठ्या बाई म्हणाल्या, 'न विचारता काढलेला आकडा न विचारता पुसणाऱ्या बाईला मी काय बोलू? घासलेली दारं बघून आपण एकही दार वाजवलं नाही. ते आपलं चुकलं.' माझ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या की यापुढे धोका दिसला की त्याच दिवशी सांगायचं, नियम मी बदलते.

मग मी सगळ्या देणगीदारांना पत्रं लिहिली. कुणाचा नामोल्लेख न करता, जे झालं ते. आमच्या हातून चूक झाली, हेही. वाटलं होतं, आता देणारेही पाठ फिरवतील. तसं झालं नाही. कंडक्टर काकांनी नेहमीपेक्षा जास्त पाठवलं. दातांच्या डॉक्टरांनी लिहिलंय, पाटी राहू द्या, आधी त्या बाईंची भिंत करा. काम परत तुमच्याकडे येतंय, कालव्याजवळचं न थांबवता.

साहेब पंधरवड्यात येतील. रंग आणणार नाहीत. घर राहणाऱ्याचंच राहील, संस्थेचा त्यावर हक्क नाही, असं लिहिलेला कागद आणतील. तो प्रत्येक घराला वाचून दाखवायचा, मगच सही.

काकूंना सांगितलंस का?

धाकटी


२९ मार्च

धाकटे,

तुझ्यावर रागावले होते. आता नाही. दोघींनी एकमेकींना जपायच्या नादात काय करून ठेवलं, ते दवाखान्यात रोज बघते.

तुझे साहेब आले. शाळेच्या हॉलमध्ये भाजीच्या उपड्या खोक्यावर बसले आणि विचारलं, तुम्हाला कशाची भीती वाटते? मग सासूबाई म्हणाल्या, 'मला तुमचीच वाटते.' सगळे हसले, साहेबही. नंतर एकेकीचं तोंड उघडलं. ते छपरांचं काम आधी काढणार होते. बायका म्हणाल्या, छप्पर गळलं तर भांडं ठेवता येतं, भिंतीमागे पाणी साठलं तर काय ठेवायचं? टेकडीवरून पाणी कुठून उतरतं, कुठे मुरतं, ते आम्हीच त्यांना वर नेऊन दाखवलं. साहेबांनी आपला नकाशा तिथेच खोडून नवा काढला. आधी वर चर खणायचा, मग भिंती. तारेच्या जाळीत दगड भरून रचायच्या आणि पाणी जायला तळाशी नळ्या सोडायच्या. मजुरी गल्लीतल्याच माणसांना. कागद पोरीने सगळ्यांना वाचून दाखवला. मी सही केली. अजूनही वाटतं, यात कुठेतरी काहीतरी असेल.

काकूंना सांगितलं. रस्ताभर वाटत होतं, परत फिरावं. त्यांच्या खाटेपाशी उभी राहून सांगितलं, कारण बसले असते तर सांगता आलं नसतं. त्या ओरडल्या नाहीत. तोंड दुसरीकडे फिरवलं. मी रोज डबा घेऊन जाते, त्या जेवतात, बोलत नाहीत. काल सातव्या दिवशी बोलल्या.

'माझी भिंत बांधतील तेव्हा तू तिथं उभी राहायचं. मला उठता येत नाही. एक दगड सैल दिसला तर काढायला लावायचा.'

मी हो म्हटलं. माफ केलं का, ते विचारायची हिंमत झाली नाही.

तुझी ताई


२० एप्रिल

ताई,

मी तिकडे यायला निघाले होते, पण मोठ्या बाईंनी दुसरंच काम दिलं. आता नवीन वस्तीत माणसं पाठवायच्या आधी मी एकटी जाते. टेप नाही, वही नाही. नुसती बसते. परवा एका बाईने मला दोन तास उंबऱ्याबाहेर बसवलं आणि मग विचारलं, तुझं स्वतःचं घर कुठेय? मी चौसष्ट नंबरबद्दल सांगितलं. आईचं मी आजवर परक्या माणसाला कधी सांगितलं नव्हतं. तिने आत घेतलं.

दगड सैल दिसला तर खरंच काढायला लाव हं. साहेबांना तुझा धाक बसलाय असं ऐकते. भिंत झाली की काकूंना काय वाटलं ते कळव. चांगलं नसलं तरी कळव.

तुझी धाकटी


६ जुलै

धाकटे,

अकराही भिंती झाल्या, गल्ली शाळेतून घरी परतली. काकूंची सगळ्यात आधी झाली, मे महिन्यातच. मी शिवणकाम रात्रीवर ढकललं आणि दिवसभर तिथे उभी राहिले. नऊ दगड काढायला लावले. गवंडी मला सासूबाई म्हणायला लागला आणि आमच्या खऱ्या सासूबाईंना त्याचा राग आला.

पण काकू घरात जाईनात. दवाखान्यातून आल्यापासून आमच्याकडेच आहेत, दाराजवळच्या खाटेवर. सासूबाईंनी खाट दिली, स्वतः खाली झोपतात आणि खोकल्याचं नावही काढत नाहीत. काकूंना कुणी काही म्हटलं की एकच उत्तर, पाऊस लागू दे, मग बघू.

लागला. आज सलग तिसरा दिवस. सकाळी काकूंनी मला हाक मारली. म्हणाल्या, 'जा. माझ्या घरात जाऊन मागच्या भिंतीला पाठ लावून बस.'

हे म्हणाले, अहो काकू, साहेबांनी तपासलीय ती. काकू म्हणाल्या, 'साहेबांनी नाही पुसला माझा नंबर.'

हे माझ्याकडे बघत राहिले. त्यांना तेव्हाच कळलं. मी उठले आणि काकूंच्या घरात गेले.

धाकटे, मी तुला खोटं सांगणार नाही. ती भिंत दगडा-दगडाने उभी राहताना मी पाहिलीय. तरी पाठ टेकण्याआधी दार किती पावलांवर आहे ते मी मोजलं. वरून पाण्याचा लोंढा चरातून धावत होता, त्याचा आवाज थेट डोक्यामागे. प्रत्येक वेळी वाटायचं, आता. मातीचा वास आला. मी मागे हात नेऊन दगड चाचपले. गार होते, कोरडे होते. तळाच्या नळ्यांतून पाणी गटारात पडत होतं, एकसारखं. तेवढंच ऐकत राहिले. तासभर झाला असेल.

काकू दारात येऊन उभ्या होत्या, कुबडीवर. कधी आल्या कळलं नाही. अंगावर पाऊस पडत होता तरी उंबरा ओलांडत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या मागे बघत होत्या. मी बोलावलं नाही. कुठल्या तोंडाने बोलावणार?

मग त्या आत आल्या. एक पाऊल, मग कुबडी, मग थांबणं. माझ्या शेजारी यायला त्यांना बराच वेळ लागला. भिंतीला हात लावला, तळवा उलटा करून पाहिला आणि बसल्या. पाय लांब करताना माझ्या खांद्याचा आधार घेतला, तो हात तिथेच ठेवला.  

थोड्या वेळाने मी म्हटलं, भिजलात, घरी जाऊन चहा करून आणते. उठायला लागले तर त्यांनी खांदा दाबला.

'बस,' म्हणाल्या. 'पाऊस थांबेपर्यंत बस.'

पोरीने इथेच कागद-पेन आणून दिलं. मांडीवर धरून लिहितेय. पाऊस अजून थांबलेला नाही.

तुझी ताई